डॉ. प्रफुल्लकुमार सेन : हृदय, शल्यचिकित्सा आणि ‘मृत्यू’ या शब्दाचा अर्थ

व्यक्तिपर माहितीलेखात कर्तृत्वाची यादी देऊन भागत नाही. त्या व्यक्तीपुढे कोणता प्रश्न उभा होता, हे वाचकाला कळावे लागते. डॉ. प्रफुल्लकुमार सेन (१९१५–१९८२) यांच्यापुढील प्रश्न निम्मा वैद्यकाचा आणि निम्मा भाषेचा होता. भाषेच्या अभ्यासकांसाठी त्यांची निवड केली आहे, ती याच कारणाने.

सेन बंगाली असले तरी त्यांची कर्मभूमी मुंबई. परळचे के.ई.एम. हे महानगरपालिकेचे रुग्णालय. तेथे येणारा रुग्ण बहुधा गरीब असे. लहानपणी घसा सुजून आलेल्या सांधेतापाने हृदयाची झडप जखडलेली असे आणि ऐन तारुण्यात त्याला धाप लागू लागे. धडधडत्या हृदयात बोट घालून ती झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया सेन आणि त्यांचे सहकारी १९५०च्या दशकात करू लागले. पुढे रुग्णाचे शरीर थंड करून, रक्ताभिसरण काही मिनिटे थांबवून, हृदयाच्या पडद्यातील जन्मजात छिद्र बुजवण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. सेनांची कल्पकता त्यांच्या १९६५च्या प्रबंधात विशेष दिसते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला पोकळीतूनच रक्त झिरपून मिळते, हे पाहून त्यांनी रोगी हृदयाच्या स्नायूला सुईने छिद्रे पाडून पाहिली. तो उपाय रूढ झाला नाही. मात्र पुढे लेसर किरणांनी अशीच छिद्रे पाडण्याचे प्रयोग झाले, त्यांचे मूळ येथे सापडते.

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८मध्ये, सेनांच्या चमूने के.ई.एम.मध्ये ते केले. जगातील ते सहावे प्रत्यारोपण होते. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रत्यारोपणातही यश आले नाही.

आता भाषेकडे वळू. मराठीत मरणाची खूण हृदयाशी आणि श्वासाशी बांधलेली आहे : श्वास थांबला, नाडी गेली, प्राण गेला. (‘काळीज’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र यकृत, खाटकाकडे ‘कलेजी’ मागितली तर आजही यकृतच मिळते. भावना यकृतातून हृदयात कधी सरकली, हा वेगळ्या घटकाचा विषय.) प्रत्यारोपणासाठी हृदय हवे ते उपयोगी अवस्थेतले. ज्याचा मेंदू कायमचा निकामी झाला आहे, पण कृत्रिम श्वासावर ज्याचे हृदय धडधडत आहे, असा देह जिवंत म्हणावा की मृत? १९६८च्या फेब्रुवारीत भारतीय कायद्यात याचे उत्तर नव्हते. हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडले, तेही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. शल्यविशारदाचा हात पुढे गेला होता. शब्दाची व्याख्या मागे राहिली होती.

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम आला १९९४मध्ये. त्याने ‘मेंदूस्तंभ मृत्यू’ हा मृत्यू मानला आणि चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी, असे बंधन घातले. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. मधल्या सव्वीस वर्षांचा सारा दोष कायद्याच्या अभावावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. परके हृदय शरीर नाकारते, आणि ती प्रतिक्रिया आटोक्यात ठेवणारे सायक्लोस्पोरिन हे औषध १९८०च्या सुमारास हाती येईपर्यंत जगातील बहुतेक केंद्रांनी हे काम थांबवले होते. तरीही औषध आल्यानंतरची दशकाहून अधिक वर्षे उरतातच, आणि ती व्याख्येविना गेली, असे माझे मत आहे. सेन १९८२मध्येच निवर्तले होते.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. शिरूरच्या महामार्गावर किंवा दौंडच्या रस्त्यावर अपघात झाला की गंभीर जखमीला सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या पुण्यात नेतात. दौंडच्या एका संपर्कसत्रात हा पाठ चालू असताना एका विद्यार्थिनीने आपल्या काकांची हकिकत सांगितली. डॉक्टर ‘ब्रेन डेड’ म्हणाले, तेव्हा आजीने विचारले, “म्हणजे अजून आहे ना तो?” पडद्यावर ठोके दिसत होते, हात गरम लागत होता. घरच्यांपैकी कोणालाही त्या दोन इंग्रजी शब्दांचे मराठी करून आजीला सांगता आले नाही. ‘मेंदू गेला’ म्हणावे तर आपल्याकडे त्याचा अर्थ वेड लागले असा होतो; ‘गेला’ एवढेच म्हणावे तर समोर छाती वरखाली होत होती. संमतीपत्र शेवटपर्यंत कोरेच राहिले.

त्या दिवशी मी वर्गाला पुढील काम दिले, तेच आपणही करावे : ‘मेंदूस्तंभ मृत्यू’ म्हणजे काय, हे त्या आजीला तिच्या बोलीत, पाच वाक्यांत सांगा. वाक्यात एकही पारिभाषिक शब्द नको, आणि एकही खोटा दिलासा नको.