किरणोपचार आणि भटके चुंबकत्व

किरणोपचाराची आवश्यकता असलेल्या कर्करुग्णांना आम्ही शिराळ्याहून कराड, मिरज किंवा कोल्हापूर येथे पाठवितो. पहाटेच्या एस.टी.ने पोहोचूनही यंत्राच्या तपासणीसाठी का थांबावे लागते, असा प्रश्न नातेवाईक आम्हांस विचारतात. त्याचे उत्तर येथे देणे उचित वाटते.

लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर या यंत्रात वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत धातूवर आदळवून क्ष-किरण निर्माण केले जातात. इलेक्ट्रॉन विद्युत्‌भारित असल्याने चुंबकीय क्षेत्रात त्यांचा मार्ग वळतो. जवळच्या एमआरआय यंत्राचे, इतकेच नव्हे तर पृथ्वीचे क्षीण चुंबकत्वही त्यास पुरेसे ठरते. झोत किंचित सरकला तरी किरणांची मात्रा एका बाजूस अधिक व दुसऱ्या बाजूस कमी होऊ शकते. म्हणून यंत्रात झोत मार्गावर ठेवणारी चुंबकीय वेटोळी असतात आणि भौतिकतज्ज्ञ नियमित मोजमाप घेतात.

हा अनुभव जुनाच आहे. कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदींचे काम, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून, १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आले. जिनिव्हाजवळील २७ किलोमीटर परिघाच्या त्वरकातही १९९५ मध्ये रेल्वेच्या भटक्या विद्युत्‌प्रवाहाचा परिणाम आढळला होता.

तात्पर्य, तपासणीचा वेळ वाया जात नाही. तो रुग्णाच्याच सुरक्षिततेसाठी असतो. मात्र अनेक आठवड्यांच्या या उपचारात प्रवास व मुक्कामाचा खर्च न पेलल्याने कोणाचेही उपचार अर्धवट राहू नयेत, यासाठी दात्यांनी साहाय्य करावे, ही नम्र विनंती.