लुप्त संस्कृतींवरील दूरचित्रवाणी माहितीपट : निवेदनपद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक :

द्वितीय वर्ष कला वर्गाची शैक्षणिक सहल वेरूळला गेली असता कैलास लेण्याच्या प्रांगणात एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले, "सर, हे माणसांनी केलेलं नाही असं म्हणतात, ते खरं का?" विद्यार्थी हुशार होता व प्रश्न प्रामाणिक होता. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण त्याने पाठ्यपुस्तकात वाचला होता. परंतु पुस्तकातील दीड ओळीपेक्षा पडद्यावर पाहिलेली चाळीस मिनिटे त्याच्या मनात अधिक खोल रुजली होती. कोणताही विषय शिकविणाऱ्या प्राध्यापकास असा अनुभव अपरिचित नसावा. अशा माहितीपटांतील विधाने खरी की खोटी, याची चर्चा वारंवार होते. ती विधाने ज्या साच्यातून मांडली जातात, त्या साच्याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे.

साच्याची जडणघडण :

दूरचित्रवाणी आणि पुरातत्त्व यांचे नाते आरंभापासून असे नव्हते. बीबीसीवर १९५२ साली सुरू झालेल्या 'अॅनिमल, व्हेजिटेबल, मिनरल?' या कार्यक्रमात संग्रहालयातील एखादी वस्तू तज्ज्ञांपुढे ठेवली जाई व त्यांनी ती ओळखावयाची असे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे माजी महासंचालक सर मॉर्टिमर व्हीलर यांना त्यातूनच घराघरांत लोकप्रियता लाभली. तज्ज्ञाचे चुकणेही तेथे प्रेक्षकांसमोरच घडत असे, हे विशेष.

पुढील वळण एरिक फॉन डेनिकेन यांच्या १९६८ च्या पुस्तकाने दिले. परग्रहवासीयांनी प्राचीन मानवास शिकविले, या त्यांच्या कल्पनेवर १९७० मध्ये जर्मन चित्रपट निघाला. त्याचीच अमेरिकन दूरचित्रवाणी आवृत्ती १९७३ मध्ये रॉड सर्लिंग यांच्या निवेदनासह प्रसारित झाली. त्यानंतर १९७७ पासून लिओनार्ड निमॉय यांच्या आवाजातील 'इन सर्च ऑफ' ही मालिका आली आणि २०१० पासून 'एन्शंट एलियन्स'. एक निवेदक अंतराळकथांच्या मालिकेतील प्रसिद्ध नट, तर दुसरा गूढकथांच्या मालिकेचा सूत्रधार. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

प्रश्नाचे विधान कसे होते :

या माहितीपटांचा प्रारंभ बहुधा आकाशातून घेतलेल्या दृश्याने होतो. ढग, भग्न अवशेष, गंभीर स्वर आणि 'हजारो वर्षांपासून दडलेले रहस्य'. मग एखादा खराखुरा पुरातत्त्वज्ञ दहा-पंधरा सेकंद बोलतो. त्याच्या बोलण्यातील 'याविषयी मतभेद आहेत' एवढेच वाक्य ठेवले जाते आणि निवेदक विचारतो, 'हे शक्य आहे काय, की...?'

साऱ्या शैलीची किल्ली या प्रश्नार्थक वाक्यात आहे. तर्कशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न हे विधान नव्हे. म्हणून त्यास पुरावा लागत नाही आणि तो असत्यही ठरत नाही. जाहिरातींनंतर मात्र निवेदक म्हणतो, 'जर तसे असेल, तर...' आणि मघाचा प्रश्न आता गृहीतक होतो. पुढील जाहिरातीनंतर त्या गृहीतकावर नवा प्रश्न रचला जातो. तासाभरात कोठेही दावा न करता प्रेक्षकास दाव्यापर्यंत नेले जाते.

पुनरुक्तीचे कारण काही अंशी व्यावहारिक आहे. अमेरिकन वाहिन्यांच्या तासाभराच्या कार्यक्रमात जाहिराती वजा जाता सुमारे ४४ मिनिटे उरतात. प्रेक्षक मध्येच वाहिनी बदलून आला असेल या समजुतीने प्रत्येक खंडाच्या आरंभी मागील कथन पुन्हा सांगितले जाते. परंतु तेच वाक्य चौथ्यांदा ऐकताना ते 'माहीत असलेले' वाटू लागते, हा परिणाम व्यवहारापलीकडचा आहे. कीर्तनातही पुनरुक्ती असते. पण बुवा मूळ पदाकडे परततात तेव्हा मधल्या निरूपणाने त्याचा अर्थ वाढलेला असतो. येथे वाढते ती केवळ खात्री.

कैलासाचे गणित :

कैलास लेण्याविषयी पडद्यावर नेहमी मांडले जाणारे गणित नमुन्यादाखल पाहता येईल. चार लाख टन खडक, अठरा वर्षे, दररोज बारा तास. म्हणजे ताशी सुमारे पाच टन. 'छिन्नी-हातोड्याने हे शक्य आहे काय?' भागाकार अचूक आहे. भाजकात माणसे मात्र नाहीत! अडीचशे पाथरवट एकाच वेळी कामावर होते असे धरले, तर प्रत्येकाच्या वाट्यास ताशी वीस किलो येतात. शिवाय एकच राजा आणि अठराच वर्षे हे गृहीतकही विद्वानांना मान्य नाही. हर्मन गोएट्झ यांनी १९५२ मध्ये या लेण्याचे काम अनेक राजवटींत विभागून दाखविले. मुख्य भाग कृष्णराजाच्या काळातील असल्याचे मानणाऱ्या म. के. ढवळीकरांनीही १९८२ मध्ये काही भाग नंतरचे असल्याचे मान्य केले.

त्याहून महत्त्वाचे आहे ते वगळलेले. सह्याद्रीत लेणी खोदण्याची परंपरा इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपास भाजे येथे दिसते. कैलास खोदले जाईपर्यंत या विद्येस सुमारे नऊशे वर्षे झाली होती. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अपुरे राहिल्यामुळे खोदकामाची रीत तेथे उघड्यावर दिसते. कैलासाच्या रचनेचे साम्य पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी आहे, हेही सर्वमान्य आहे. पूर्वसुरी पुसून टाकले की कोणतीही कृती आकाशातून पडल्यासारखी दिसते. वस्तुतः कैलास हे कोणत्याही 'लुप्त' संस्कृतीचे अवशेष नव्हेत; ते साच्यात बसविण्यासाठी आधी लुप्त करावे लागते.

विस्मयाला विरोध करण्याचे कारण नाही. इ. स. ८१२-१३ च्या बडोदा ताम्रपटात हे मंदिर पाहून विमानातून जाणारे देव चकित झाले आणि खुद्द शिल्पकारासही आपण हे कसे केले याचे नवल वाटले, असे वर्णन आहे. कृष्ण याज्ञवल्की यांच्या 'कथाकल्पतरू'तील कथा अधिक बोलकी आहे. शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचे व्रत राणीने धरले. इतर कारागिरांनी हात टेकले, तेव्हा पैठणच्या कोकसाने वरून खाली खोदण्यास आरंभ केला व आठवड्यात शिखर दाखविले. ही दंतकथाच आहे. परंतु तिच्यात कारागिरास नाव आहे, गाव आहे आणि युक्तीही आहे. माहितीपटाने हे तिन्ही काढून घेतले.

श्रेय कोणाचे :

हे काढून घेणे निरुपद्रवी नसते. ग्रेट झिम्बाब्वेचे दगडी अवशेष आफ्रिकी लोकांनी उभारलेच नसावेत, फिनिशियनांनी वा शेबाच्या राणीने उभारले असावेत, असे वसाहतवादी दीर्घकाळ सांगत राहिले. रँडल-मॅकआयव्हर यांनी १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्सन यांनी १९२९ मध्ये उत्खननातून त्याचे आफ्रिकी कर्तृत्व दाखवूनही ऱ्होडेशियात ते दडपण्याचे प्रयत्न झाले. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने त्याच अवशेषांचे नाव धारण केले. नेटफ्लिक्सवरील ग्रॅहम हॅनकॉक यांची 'एन्शंट अपोकॅलिप्स' ही मालिका २०२२ मध्ये आली, तेव्हा अमेरिकन पुरातत्त्व संस्थेने खुल्या पत्राद्वारे तिचे वर्गीकरण विज्ञानकथा असे करण्याची मागणी केली. मूलनिवासी समाजांचे श्रेय हिरावले जाते, हा त्यातील एक प्रमुख आक्षेप होता. प्रस्तुत लेखकास हा आक्षेप पूर्णतः ग्राह्य वाटतो. वर्गीकरणाच्या मागणीने मात्र फारसे साधले नाही. मालिकेचा दुसरा भाग २०२४ मध्ये आलाच.

वर्गातील एक प्रयोग :

सहलीनंतर त्याच वर्गात अशा माहितीपटाचा एक अंश दोनदा दाखविला. प्रथम आवाज बंद करून, नंतर आवाजासह. कागदावर तीन रकाने आखून घेतले : दाखविले काय, सांगितले काय, विचारले काय. पहिल्या वेळी बहुतेकांनी लिहिले : दगड, डोंगर, चालणारी माणसे. दुसऱ्या वेळी तिसरा रकाना भरून मागील पानावर गेला. वेरूळला प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने तासानंतर येऊन विचारले, "सर, कोकसाबद्दल आणखी कुठं वाचायला मिळेल?" मध्य भारतातील काही मध्ययुगीन शिलालेखांत आपण कोकसाच्या कुळातले आहोत असे सांगणारे शिल्पी आढळतात, हे त्यास सांगितले. यंदा हाच प्रयोग सिनौलीवरील २०२१ च्या माहितीपटावर करावयाचा आहे. तेथील वाहन रथ की गाडी, हा वाद अभ्यासकांत अद्याप चालू असल्यामुळे तिसरा रकाना अधिक काळजीपूर्वक तपासावा लागेल.