सॉफ्टवेअरचं पाकीट आतून कसं असतं? ॲप बनवून घेण्याआधी हे वाचा

दुकानासाठी ॲप बनवून घेण्याच्या व्हिडिओत 'एपीके' हा शब्द आला होता. ते नक्की काय असतं, ते इथं निवांत बघू. कारण त्यात तुमचे पैसे अडकतात.

दुकानातलं हळदीचं पाकीट हातात घ्या. आत माल, बाहेर नाव, वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना, बनवणाऱ्याचा पत्ता. गिऱ्हाईक पाकीट न फोडता सगळं वाचतं. सॉफ्टवेअरचंही तसंच पाकीट असतं.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं 2007 मध्ये 'बॉस' ही ऑपरेटिंग सिस्टीम आणली. ती डेबियन लिनक्सवर उभी आहे, म्हणून तिचं पाकीटही डेबियनचंच, डॉट डेब. त्यात तीन गोष्टी, ठरलेल्या क्रमानं. पहिली अगदी छोटी फाईल, तिच्यात फक्त पाकीट बांधायच्या पद्धतीचा नंबर: 2.0. उद्या पद्धत बदलली तर मशीनला आधीच कळावं म्हणून. दुसरा गठ्ठा लेबलचा: नाव, आवृत्ती, कोणत्या प्रोसेसरसाठी, सांभाळणारा कोण, आणि हे चालायला आधी दुसरं काय लागतं. तिसऱ्यात खरा माल.

लेबल वेगळं कशाला? हजारो पाकिटांची नुसती लेबलं काढून एक यादी बनवता येते, नांदेडच्या होलसेलरच्या रेटलिस्टसारखी. मशीन यादी बघतं, आधी लागणारी पाकिटंही सोबत मागवतं. यादीसोबत सही असते आणि प्रत्येक पाकिटाचा डिजिटल ठसाही यादीत असतो. वाटेत कुणी माल बदलला तर ठसा जुळत नाही. मला तर ही सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते.

अँड्रॉइडचं पाकीट म्हणजे एपीके. खरं तर ती झिप फाईल. लेबल आतच असतं, त्यात ॲपला कोणत्या परवानग्या हव्यात तेही लिहिलेलं. इथं प्रत्येक पाकिटावर बनवणाऱ्याची सही लागते. पण सहीची किल्ली कुणीही स्वतःच बनवू शकतो बरं का! त्यामुळे व्हॉट्सॲपवर आलेल्या 'लग्नपत्रिका' एपीकेवरही सही असतेच. सही आहे म्हणजे माणूस खरा आहे, असं नाही.

मग सही कशाला? नवी आवृत्ती त्याच मालकाची आहे हे ओळखायला. किल्ली जुळली नाही तर अँड्रॉइड नवं ॲप जुन्यावर चढवू देत नाही. आता विचार करा, किल्ली डेव्हलपरकडे आणि तो फोनच उचलत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला जुनं ॲप काढून नवं टाकायला सांगावं लागेल, आणि फोनमध्येच साठवलेली उधारीची नोंद गेली!

प्ले स्टोअरवर ऑगस्ट 2021 पासून नव्या ॲपची ही किल्ली गूगल सांभाळतं. तिथं डेव्हलपर खातं कोणाच्या नावावर आहे ते बघा. थेट एपीके वाटणार असाल तर कीस्टोअर फाईल आणि तिचा पासवर्ड तुमच्या हातात आला पाहिजे. करारात हे लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.