सार्वजनिक वास्तूंमधील राष्ट्रपुरुषांची चित्रे

सार्वजनिक वास्तूंमधील राष्ट्रपुरुषांची चित्रे म्हणजे संसद, विधिमंडळ, शासकीय कार्यालये, शाळा इत्यादींच्या भिंतींवर लावलेली व्यक्तिचित्रे व इतिहासचित्रे होत. संग्रहालयातील चित्र पाहण्यास माणूस मुद्दाम जातो. कचेरीतील चित्र दाखल्यासाठी रांगेत उभे असताना सहज नजरेस पडते. राष्ट्रीय स्मृती घडण्यात अशा नकळत होणाऱ्या दर्शनाचा वाटा मोठा असतो.

दिल्लीच्या जुन्या संसद भवनाचे (आताचे संविधान सदन) मध्यवर्ती सभागृह हे याचे ठळक उदाहरण होय. ऑस्वल्ड बर्ली या इंग्रज चित्रकाराने काढलेल्या महात्मा गांधींच्या चित्राचे तेथे 28 ऑगस्ट 1947 रोजी अनावरण झाले. लोकमान्य टिळकांचे चित्र गोपाळ देऊसकर यांचे असून ते 1956 मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी लागले. वणी (जि. यवतमाळ) येथे 1880 साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे हे टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. ब्रिटिश अमदानीत ते याच भवनात केंद्रीय विधिमंडळाचे सभासद होते. 1962 साली नागपुरातून लोकसभेवर निवडून आले, तेव्हा गुरूचे चित्र तेथे होते. अणे यांनी टिळकचरित्र ‘श्रीतिलकयशोर्णव’ या संस्कृत महाकाव्यात गायिले व त्यास 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर लाभला. तथापि त्या ग्रंथाचे वाचक मोजके, चित्राचे प्रेक्षक अगणित.

कोणाचे चित्र केव्हा लागते, यावरून त्या त्या काळाची राष्ट्रकल्पना कळते. संविधान सभा ज्या सभागृहात भरली, तेथे मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चित्र लागण्यास 12 एप्रिल 1990 हा दिवस उजाडावा लागला. संविधान स्वीकृत होऊन तेव्हा चाळीस वर्षे उलटली होती. हा विलंब कोणत्याही चित्राइतकाच बोलका आहे. 26 फेब्रुवारी 2003 रोजी वि. दा. सावरकरांच्या चित्राचे अनावरण राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी केले. त्या समारंभावर विरोधी पक्षांनी बहिष्कार घातला होता.

चित्रामुळे चेहराही ठरतो. छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून एके काळी प्रचलित असलेले चित्र वस्तुतः इब्राहीमखान नावाच्या व्यक्तीचे होते. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी 1933 मध्ये डच साधनांतील अस्सल चित्र पुढे आणले, तेव्हा हा गैरसमज दूर झाला. पुढे कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांनी काढलेल्या शिवछत्रपतींच्या चित्रास महाराष्ट्र शासनाची मान्यता मिळाली व ते शासकीय कार्यालयांतून सर्वत्र पोहोचले. आज महाराज म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे तीच मुद्रा येते.

महाराष्ट्रात मंत्रालयापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत राष्ट्रपुरुषांच्या जयंत्या त्यांच्या प्रतिमेस पुष्पहार घालून साजऱ्या होतात. कोणाच्या जयंत्या साजऱ्या करावयाच्या, याची यादी सामान्य प्रशासन विभाग परिपत्रकाने प्रसृत करतो. तीत वेळोवेळी नव्या नावांची भर पडत आली आहे.