शोधाची घाई, न्यायाचा धीर

प्रस्तावना

दिवेलागणीची वेळ झाली आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटाचा पुडा आणायला गेलेले आठ वर्षांचे मूल अजून परतलेले नाही. आई गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाहते, शेजारणींना विचारते. वडील कामावरून येताच तसेच शोधायला निघतात. तासाभराने दोघे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतात. त्या वेळी त्यांचे एकच मागणे असते : काहीही करा, पण आमचे मूल शोधून आणा.

'काहीही करा' या दोन शब्दांमागे केवढी व्यथा आहे, हे कोणाही आईबापांना सांगावे लागणार नाही. परंतु कायद्याने चालणाऱ्या देशात पोलिसांना खरोखरच 'काहीही' करता येते का? ज्याच्यावर संशय आहे, त्या माणसाला काही हक्क असतात का? आणि असलेच, तर ते मुलाच्या शोधाच्या आड येतात का? प्रस्तुत पाठात दिल्लीजवळील निठारी येथील प्रकरणाच्या आधारे आपण या प्रश्नांचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• मूल हरवल्यानंतरचे पहिले तास महत्त्वाचे का असतात, ते सांगू शकाल;
• 'संशयित', 'आरोपी' आणि 'दोषी' या शब्दांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• अटक झालेल्या व्यक्तीचे प्रमुख हक्क सांगू शकाल;
• शोधातील तत्परता आणि संशयिताचे हक्क यांचा संबंध स्वतःच्या शब्दांत मांडू शकाल.

मूळ पाठ

पहिले तास

हरवलेल्या मुलाच्या शोधात वेळेला फार मोठी किंमत असते. मुलाला शेवटचे कोणी पाहिले, त्याच्याबरोबर कोण होते, अंगावर कोणत्या रंगाचा सदरा होता, या गोष्टी लोकांना त्या दिवशी आठवतात. आठवड्याने त्या पुसट होतात. दुकानांवरच्या कॅमेऱ्यांतील जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. शिवाय दिल्ली आणि तिच्या भोवतालचा प्रदेश म्हणजे एकमेकांत मिसळलेली अनेक शहरे होत. दिल्लीतून निघालेला माणूस अर्ध्यापाऊण तासात उत्तर प्रदेशातील नोएडा किंवा गाझियाबाद गाठतो, नाहीतर हरियाणातील गुरुग्राम. आनंद विहार किंवा नवी दिल्ली स्थानकातून सुटणारी गाडी रात्रभरात शेकडो किलोमीटर दूर जाते. राज्याची हद्द बदलली की पोलीस दलही बदलते. म्हणूनच 'चोवीस तास वाट पाहा, येईल परत' हा सल्ला घातक ठरतो. तसा कोणताही नियम कायद्यात नाही.

निठारी : जेथे घाई हवी होती

निठारी हे नोएडाच्या सेक्टर ३१ मधील गाव. आजूबाजूला मोठमोठे बंगले, आणि गावात बंगाल, बिहार व उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेल्या कष्टकऱ्यांची दाट वस्ती. २००५ आणि २००६ या दोन वर्षांत या वस्तीतील मुले एकामागून एक नाहीशी होऊ लागली. पालक पोलिसांकडे गेले. आपल्या तक्रारींकडे लक्ष दिले गेले नाही, मूल कोठेतरी पळून गेले असेल असे सांगून आपल्याला परत पाठवले गेले, असे अनेक पालकांनी पुढे सांगितले. एका तरुण मुलीच्या वडिलांना तर गुन्हा नोंदवून घ्यावा यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

डिसेंबर २००६ च्या अखेरीस डी-५ क्रमांकाच्या बंगल्यामागील नाल्यात आणि मोकळ्या जागेत मानवी सांगाडे सापडले, तेव्हा सारा देश हादरला. बंगल्याचे मालक मोनिंदरसिंग पंढेर आणि तेथे कामाला असलेले सुरेंद्र कोली यांना अटक झाली. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल काही पोलिसांना बडतर्फ, तर काहींना निलंबित करण्यात आले. जानेवारी २००७ मध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे सोपविण्यात आला.

निठारी : जेथे धीर हवा होता

आता घाई सुरू झाली, पण ती दुसऱ्याच टोकाला. लोकांचा संताप अनावर होता आणि तो समजण्यासारखाही होता. खटला सुरू होण्यापूर्वीच वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने दोघांना खुनी ठरविले. गाझियाबाद न्यायालयाच्या आवारात आरोपींना मारहाण झाली. सुमारे साठ दिवसांच्या पोलीस कोठडीनंतर कोली यांचा कबुलीजबाब नोंदविण्यात आला आणि खटल्यांची सारी इमारत प्रामुख्याने त्याच कबुलीवर उभी राहिली. २००९ पासून गाझियाबादच्या न्यायालयाने फाशीच्या शिक्षा सुनावल्या. एका प्रकरणातील फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. दयेच्या अर्जाला लागलेल्या विलंबामुळे २०१५ मध्ये ती जन्मठेपेत बदलली.

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने कोली यांना बारा आणि पंढेर यांना दोन प्रकरणांतून निर्दोष मुक्त केले. दीर्घ कोठडी, वकिलाच्या योग्य मदतीचा अभाव, वैद्यकीय तपासणी न होणे या कारणांमुळे कबुलीजबाब विश्वासार्ह नाही, असे न्यायालयाने ठरविले. मानवी अवयवांच्या व्यापाराची शक्यता तपासली गेली नाही, त्याऐवजी गरीब नोकराला गुंतविण्याचा सोपा मार्ग धरला गेला, असेही न्यायालयाने म्हटले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालाविरुद्धची अपिले फेटाळली. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी कोली यांची उरलेल्या एका प्रकरणातील शिक्षाही रद्द झाली. तोवर त्यांची तुरुंगात जवळजवळ एकोणीस वर्षे गेली होती.

या निकालाकडे दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. ज्यांचा गुन्हा सिद्ध झाला नाही, त्यांच्या आयुष्याची वर्षे गेली. आणि ज्यांची मुले गेली, त्या आईबापांना आपल्या मुलांना कोणी मारले, या प्रश्नाचे उत्तर आजही मिळालेले नाही. सुरुवातीला नीट जमा न केलेला पुरावा एकोणीस वर्षांनंतर कोठून मिळणार? संशयिताचे हक्क पाळले असते, तर पालकांचे नुकसान झाले नसते. उलट तपास भक्कम पायावर उभा राहिला असता. निठारीत जेथे घाई हवी होती तेथे दिरंगाई झाली, आणि जेथे धीर हवा होता तेथे घाई झाली.

कायदा काय सांगतो?

निठारीनंतर कायद्याने शोधाची बाजू बळकट केली. मे २०१३ मध्ये 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवावा आणि उलट काही सिद्ध होईपर्यंत मुलाचे अपहरण किंवा अपव्यापार झाला असे गृहीत धरावे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, उत्तर प्रदेशातील एका अल्पवयीन मुलीच्या वडिलांच्या याचिकेवर, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच प्रथम खबर अहवाल नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय घटनापीठाने दिला. हा अहवाल म्हणजेच आपण ज्याला एफआयआर म्हणतो तो. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतील असली तरी तक्रार नाकारता येत नाही; तिला 'झिरो एफआयआर' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. चार महिन्यांत मूल सापडले नाही, तर तपास मानवी अपव्यापारविरोधी पथकाकडे द्यावा लागतो.

संशयिताबाबतही पोलिसांना पुरेसे अधिकार आहेत. ते त्याची ताबडतोब चौकशी करू शकतात. वाजवी संशय असेल तर अटक करू शकतात. विलंबाने हेतू विफल होणार असेल, तर कारणे लिहून ठेवून वॉरंटाशिवाय घराची झडती घेऊ शकतात. मूल एखाद्या बंद खोलीत असेल, तर कायदा पोलिसांना दाराशी अडवून ठेवत नाही.

मात्र काही मर्यादा ओलांडता येत नाहीत. अटकेची कारणे त्या व्यक्तीला सांगावी लागतात आणि तिच्या नातेवाइकाला कळवावे लागते. राज्यघटनेच्या कलम २२ नुसार प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत तिला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते आणि तिला वकिलाचा सल्ला घेता येतो. वकील करण्याची ऐपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. कलम २० नुसार कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेची लेखी नोंद आणि कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरविली. संमतीशिवाय नार्को चाचणी करता येणार नाही, असे २०१० मध्ये स्पष्ट झाले.

एक कठीण प्रश्न

येथे कोणीही विचारील : मूल जिवंत आहे, ते कोठे आहे हे या माणसाला ठाऊक आहे, आणि तो बोलत नाही. अशा वेळी त्याला मारले तर काय बिघडले? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात मुलाविषयी कळवळा आहे. पण 'या माणसाला ठाऊक आहे' हे आपल्याला त्या घटकेला कोठे ठाऊक असते? मार खाणारा माणूस मार थांबावा म्हणून बोलतो. ते खरे असेलच असे नाही. त्याने भीतीपोटी खोटा पत्ता सांगितला, तर पोलीस एका दिशेला धावतात आणि मूल दुसऱ्याच दिशेला असते. हातचे तास वाया जातात.

पुढील घटना हरवलेल्या मुलाची नाही, पण चुकीच्या माणसावर संशय गेला की काय होते, ते ती दाखविते. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्राममधील एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. पोलिसांनी त्याच दिवशी शाळेच्या बसच्या वाहकाला पकडले आणि त्याने गुन्हा कबूल केल्याचे जाहीर केले. पुढे सीबीआयच्या तपासाची दिशा बदलली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने त्या वाहकाला आरोपातून मुक्त केले. त्याच दिवशी 'गुन्हेगार सापडला' असे मानून सारे थांबले असते, तर खऱ्या गुन्हेगाराकडे कोणाचेही लक्ष गेले नसते.

पोलीस ठाण्याबाहेर

संशयाची ही घाई केवळ पोलिसांची नसते. ती आपलीही असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. मोबाईलवरून पसरलेल्या अफवेवर लोकांनी विश्वास ठेवला होता. कोणाचेही मूल त्यांनी पळविले नव्हते. अनोळखी, गरीब, भटका माणूस दिसला की संशय त्याच्याकडेच आधी वळतो. हक्क लेखी असावे लागतात, ते अशाच माणसांसाठी; ज्याच्या पाठीशी पैसा आणि ओळख आहे, तो त्यांच्यावाचूनही निभावून नेतो.

समारोप

मुलाचा जीव आणि संशयिताचे हक्क ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणारच, असे आपण समजतो. निठारीचा धडा वेगळा आहे. तक्रार नोंदविणे, चित्रण ताब्यात घेणे, स्थानकांवर कळविणे, साक्षीदारांना गाठणे या कामांत एका क्षणाचाही विलंब नको. मात्र 'गुन्हा यानेच केला' हे ठरविताना धीर हवा. पायऱ्या चढून आलेल्या त्या आईला आपले मूल हवे असते, आणि ते नाही मिळाले तर निदान सत्य हवे असते. चुकीचा माणूस तुरुंगात टाकून तिला दोन्हींपैकी काहीच मिळत नाही.

पाठगत प्रश्न

१. निठारीतील पालकांना सुरुवातीला कोणता अनुभव आला?
२. 'झिरो एफआयआर' म्हणजे काय?
३. रिकाम्या जागा भरा : अटक केलेल्या व्यक्तीला ______ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते.

शब्दार्थ

संशयित – ज्याने गुन्हा केला असावा अशी शंका आहे तो
आरोपी – ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप ठेवला आहे तो
दोषी – ज्याचा गुन्हा न्यायालयात सिद्ध झाला आहे तो
दखलपात्र गुन्हा – ज्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा
अपव्यापार – माणसांची बेकायदेशीर खरेदी-विक्री व शोषण
दिरंगाई – विनाकारण केलेला उशीर

लक्षात ठेवा

मूल हरवल्यास ताबडतोब ११२ किंवा १०९८ या क्रमांकावर कळवा. तक्रारीची प्रत मागून घ्या. ती विनामूल्य मिळते. विनामूल्य कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

स्वाध्याय

१. 'निठारीत जेथे घाई हवी होती तेथे दिरंगाई झाली, आणि जेथे धीर हवा होता तेथे घाई झाली', या विधानाचे पाठाच्या आधारे स्पष्टीकरण करा.
२. मारहाणीने मिळविलेली कबुली हरवलेल्या मुलाच्या शोधाला कशी बाधक ठरते?
३. तुमच्या वस्तीत 'मुले पळविणारी टोळी आली आहे' असा संदेश मोबाईलवर आला, तर तुम्ही काय कराल? आठ ते दहा ओळींत लिहा.