राखून ठेवलेला कर्नल

जुलैअखेर खरीप पीकविम्याची मुदत संपत आली की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर या तालुक्यांतल्या सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. सातबारा आणि पासबुक घेऊन आलेल्या माणसाला ‘संगणक चालू होईना’ असं ऐकावं लागलं, तर त्याची दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडंही. दुरुस्ती करणारा गावात नसतो. अशा ठिकाणी अपडेटमुळेच संगणक बंद पडू नये, याची तजवीज आधीच हवी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ अनेक जुन्या मशीनवर चढत नाही. उबंटू किंवा मिंटसारख्या लिनक्सकडे वळणाऱ्यांना ही तजवीज आयती मिळते. एकाच संगणकात दोन-तीन कर्नल शेजारीशेजारी राहतात, आणि माझ्या मते बीडसारख्या जिल्ह्यात ते राहू द्यावेत.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वायफाय यांच्याकडून प्रत्यक्ष काम करून घेतो तो हाच. ब्राउझर किंवा टायपिंगचा प्रोग्रॅम फक्त त्याच्याकडे मागणी करतो. लिनक्समध्ये नवा कर्नल जुन्यावर लिहिला जात नाही. ‘बूट’ फोल्डरमध्ये तो आपला आवृत्ती-क्रमांक लावून वेगळी फाइल म्हणून बसतो, त्याचे ड्रायव्हरही वेगळे राहतात. संगणक सुरू होताना ग्रब नावाचा छोटा प्रोग्रॅम यांतला एक उचलतो. आपली कागदपत्रं आणि प्रोग्रॅम मात्र सामाईक. हे जमतं, कारण आधी चालणारा प्रोग्रॅम नव्या कर्नलमुळे मोडता कामा नये, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडकच आहे. भारनियमनाच्या भागात आणखी एक फायदा: नवा कर्नल बसताना मध्येच लाइट गेली, तरी जुन्या फाइलला सहसा धक्का लागत नाही.

इतका कडक दंडक असेल, तर जुना ठेवायचा कशाला? कारण तो दंडक प्रोग्रॅमपुरता आहे. जगातल्या प्रत्येक वायफाय चिपवर किंवा स्क्रीनवर नवा कर्नल आधी चालवून पाहणं कोणालाच शक्य नाही. तो आपल्या मशीनला मानवतो की नाही, हे आपल्याच मशीनवर कळतं. आणि चुका नावाजलेल्यांच्याही होतात. डिसेंबर २०२३ मध्ये सावधपणाबद्दल ख्यात असलेल्या डेबियन या लिनक्सला १२.३ ही आवृत्ती थांबवावी लागली, कारण ६.१.६४ या कर्नलमध्ये फाइली बिघडवणारा दोष निघाला. बिघडलेली फाइल जुना कर्नल परत आणत नाही; त्यासाठी बॅकअपच लागतो. पण जुना कर्नल हाताशी असला की पुढचं नुकसान थांबवता येतं.

सुरक्षेचा आक्षेप जास्त वजनदार आहे. २०१६ मध्ये उघड झालेलं ‘डर्टी काऊ’ हे भगदाड २००७ पासून कर्नलमध्ये होतं; मग भगदाडं असलेला जुना कर्नल घरात का ठेवावा? पण कर्नलमधलं भगदाड तो चालू असतानाच कामाचं. डिस्कवर नुसता पडलेला कर्नल काहीच करत नाही. म्हणून रोज नवाच चालवावा, जुना अडचणीपुरता. जागेचं म्हणणंही खरं आहे. काही मशीनवर बूटचा कप्पा वेगळा आणि लहान असतो. तो भरला की पुढचं अपडेटच अडकतं. त्यामुळे सगळे जुने साठवत बसू नये. फेडोरा हे लिनक्स मुळातच तीन ठेवतं, आणि मला दोन-तीन हीच मर्यादा योग्य वाटते. अँड्रॉइडनेही २०१६ पासून याच्याशी नातं सांगणारी सोय आणली: अशा फोनमध्ये अपडेट दुसऱ्या कप्प्यात बसतं, आणि ते सुरू झालं नाही तर फोन पहिल्या कप्प्यावर परत येतो.

बीडच्या सोयाबीन उत्पादकाला हा विचार नवा नाही. नवं वाण घेताना घरचं बियाणं तो राखून ठेवतो आणि पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे घालून सत्तर तरी उगवतात का, ते बघतो. केंद्रचालकानेही मे महिन्यात, गर्दी नसताना, संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबची यादी उघडावी, जुना कर्नल एकदा चालवून पाहावा, आणि तो कसा निवडायचा हे केंद्रावर बसणाऱ्या दुसऱ्या माणसालाही दाखवून ठेवावं.