आजीचा आवाज आणि एक न उघडणारी फाइल

परवा दारव्ह्याहून मावशीचा फोन आला. आवाज रडवेला. "अवं बाई, पोरानं नागपूरहून पेन ड्राइव्हवर लग्नाची फाइल पाठवली, पण ते उघडूनच नाही राहिली. माह्या मायचा आवाज हाये त्याच्यात. आता नातीच्या हळदीत सगळ्यांना ऐकवाचा हाये, काय करू?"

मावसबहिणीचं लग्न झालं २००६ साली. तेव्हा हळदीच्या आदल्या रात्री आजीने ओव्या म्हटल्या होत्या आणि व्हिडिओवाल्याने त्या टिपल्या होत्या. दुसऱ्याच वर्षी आजी गेली. तिच्या आवाजाची तेवढी एकच खूण घरात राहिली, ती डीव्हीडीवर. ती डीव्हीडी कितीतरी वर्षं टीव्हीवरच्या फळीवर, खिडकीतून येणाऱ्या उन्हात पडून होती. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा उन्हाळा काय असतो, ते तुम्हाला सांगायला नको. घरी भरलेल्या किंवा दुकानात कॉपी केलेल्या डिस्कवर रंगाचा एक पातळ थर असतो. ऊन आणि उष्णता यांनी तो हळूहळू खराब होतो. मग चित्र अडकतं, चौकोन चौकोन दिसतात आणि एक दिवस डिस्क चालतच नाही.

मावसभावाने वेळीच शहाणपणा केला. डिस्क पूर्ण बंद पडण्याआधी तिची 'इमेज' करून घेतली. अडचण पुढे आली.

इमेज म्हणजे फोटो नव्हे!

मैत्रिणींनो, इमेज म्हटलं की आपल्याला फोटो आठवतो. इथे मात्र इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल. लोणच्याच्या बरणीतल्या फोडी एकेक करून काढण्याऐवजी बरणीच उचलून ठेवावी, तसं समजा. सगळा मजकूर एकाच फाइलीत बंद होतो. तिच्या नावाच्या शेवटी बहुतेक वेळा 'आयएसओ' ही तीन अक्षरं असतात. सीडीवर फाइली कशा मांडायच्या, याचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ साली ठरलं. त्याचा क्रमांक आयएसओ ९६६०. तिथूनच हे नाव आलं. सीडीची फाइल साधारण ७०० एमबीपर्यंत असते, तर साध्या डीव्हीडीची ४.७ जीबीपर्यंत.

आता नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची खाचच नसते. म्हणून ही फाइल फार कामाची. खरी डिस्क न घालताच संगणकाला वाटतं, डिस्क आत आहे!

मग उघडायची कशी?

मावशीला फोनवरच एकेक पायरी सांगितली. तुम्हीही करून पाहा.

आधी फाइल पेन ड्राइव्हवरून संगणकात, म्हणजे डी ड्राइव्हवर किंवा डेस्कटॉपवर कॉपी करून घ्या. पेन ड्राइव्हवरून थेट उघडताना कधी कधी अडतं.

संगणकात विंडोज ८ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल, म्हणजे विंडोज १० किंवा ११, तर दुसरं काही विकत घ्यावं लागत नाही. फाइलवर राइट क्लिक करा आणि 'माउंट' निवडा. 'धिस पीसी'मध्ये एक नवा ड्राइव्ह दिसू लागेल. तीच आपली डिस्क.

मावशीकडे 'माउंट' दिसेचना. कारण घरच्या पोरांनी झिप फाइली उघडणारा एक प्रोग्राम टाकला होता. डबल क्लिक केलं की तोच उघडे आणि न कळणाऱ्या नावांची यादी दाखवी. मावशीला वाटलं, फाइलच बिघडली! अशा वेळी राइट क्लिक करून 'ओपन विथ' आणि त्यात 'विंडोज एक्सप्लोरर' निवडायचं, की काम झालं.

नव्या ड्राइव्हमध्ये लग्नाच्या डीव्हीडीचा 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर दिसतो. त्यातल्या फाइली नेहमीच्या प्लेअरमध्ये चालतीलच असं नाही, कारण विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवायची सोय त्यात आपोआप येत नाही. व्हीएलसी हा मोफत प्लेअर टाकून घ्या. त्यात तर आयएसओ फाइल थेट ओढून टाकली तरी चित्रपट सुरू होतो.

पाहून झालं की त्या नव्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'इजेक्ट' करा. मूळ फाइल जागच्या जागी राहते, घाबरू नका.

जुना संगणक असेल तर

विंडोज ७ मध्ये 'माउंट' नाही. तिथे डबल क्लिक केलं तर ती फाइल नव्या कोऱ्या डिस्कवर भरायची खिडकी उघडते. तिथेही व्हीएलसी चालतो. शिवाय सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रामने फाइल उघडून आतलं सगळं फोल्डरमध्ये काढून घेता येतं. काही जुन्या फाइलींच्या शेवटी 'एनआरजी' किंवा 'बिन' असं असतं. त्या विंडोज स्वतः उघडत नाही, त्यासाठी वेगळा प्रोग्राम लागतो.

थोडी सावधगिरी

ओळख नसलेल्याने ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेली आयएसओ फाइल मुळीच उघडू नका. भामटे लोक अशा फाइलींत व्हायरस दडवून पाठवतात. लग्नाच्या डिस्कमध्ये 'ईएक्सई' अशी अक्षरं शेवटी असलेली फाइल दिसली, तर तिला हात लावू नका. आणि एक. बऱ्याच पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. पूर्ण भरलेल्या डीव्हीडीची इमेज कॉपी होत नसेल, तर दोष फाइलीचा नाही. पेन ड्राइव्ह 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावा लागेल. पण फॉरमॅट केल्यावर त्यातलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधीचं काढून ठेवा.

तुमच्याही कपाटात मुलांच्या बारशाच्या, मुंजीच्या, लग्नाच्या डिस्क असतील. चालत आहेत तोवरच त्यांची इमेज करून घ्या. बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, नाहीतर गावातल्या फोटो स्टुडिओत किंवा संगणकाच्या दुकानात विचारा. एक प्रत घरी, एक प्रत लेकीकडे किंवा भावाकडे ठेवा.

संध्याकाळी मावशीचा पुन्हा फोन आला. ती काही बोलली नाही. फोन संगणकाच्या स्पीकरजवळ धरला फक्त. पलीकडून आजीची ओवी ऐकू येत होती, मधेच बांगड्यांचा आवाज आणि कुणाचं तरी हसू. आम्ही दोघीही गप्प होतो. मग मावशी म्हणाली, "ऐकलं ना वं? तशीच हाये माय."